नऊ वर्षांच्या दगडाचं बारसं

ईट गावात धुरपदाबाईंना धुरपदाबाई म्हणणारे दोघंच. एक रेशन दुकानदार आणि दुसरा मतदानाच्या दिवशी यादी वाचणारा मास्तर. बाकी सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं. त्यांना दिलं ते गावातच. माहेर आणि सासर यांच्या मधे एक हातपंप, एक पिठाची गिरणी आणि तीन-चार भुंकणारी कुत्री, एवढंच अंतर. लग्न होऊनही आत्या माहेरातून कधी गेल्याच नाहीत, असं त्यांच्या भावजयीचं मत. ते मत ती हातपंपावर कळशी भरता भरता, गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं मांडते.

आत्याला बारशात मान असतो. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि त्याच वेळी मागं जमलेल्या बायकांच्या बुक्क्या पाठीवर झेलायच्या. धुरपदाबाईंनी असल्या बुक्क्या अकरा वेळा खाल्ल्या. सख्ख्या भावाची पोरं, चुलत भावांची पोरं, एक तर भाडेकरूचं. पण अकरातलं एकही नाव टिकलं नाही. योगीराज म्हणून कानात सांगितलेला आज पिंट्या म्हणून ट्रॅक्टर चालवतो. अमरसिंहाचा बबलू झाला, आणि त्यानं लग्नपत्रिकेतही बबलूच छापून घेतलं. आत्यांचं सगळ्यात लाडकं नाव राजनंदिनी. ते तर शाळेच्या दारातच गळालं. धाकटा भाऊ आण्णासाहेब यानं पोरीला पहिलीत घालताना दाखल्यावर हर्षाली लिहिलं.

"आक्का, राजनंदिनी लई लांब हाय," तो म्हणाला होता. "हजेरी घिईस्तोवर तास संपल."

तेव्हापासून आत्यांनी भावाच्या घरी बशीतून चहा घेतला नाही. कपातूनच घ्यायच्या, म्हणजे रागावल्याचं कळावं.

या दुखण्यावर रोज मीठ चोळायला शेजारी फरिदाबी होती. जैनोद्दीन बांगडीवाल्याची बायको. दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवर दोघींची कोपरं टेकून टेकून दोन गुळगुळीत खळगे पडलेले. फरिदाबीसुद्धा आत्याच, त्यांच्यात फुप्पी म्हणतात. पण तिनं ठेवलेलं नाव म्हणजे सिमेंटात बसवलेला खांब. तौसिफला कुणी दुसरी हाक मारल्याचं गावाला आठवत नाही. भूमच्या भावाच्या पोरीला तिनं निखत म्हटलं, ती शाळेत निखत, कॉलेजात निखत, नोकरीत निखत. शेळीला शबनम म्हटलं, ती शेळी गेली, तिच्या जागी दुसरी आली, तर गाव तिलाही न सांगता शबनम म्हणायला लागलं.

"धुरपा," फरिदाबी भिंतीवरून म्हणायची, "तू नाव ठेवती का पाहुणी म्हणून बोलावती गं? दोन दिस राहतंय आन् जातंय."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी हर्षाली आणि निखत दोघी मिळून आण्णासाहेबाला घेऊन आत्यांच्या ओसरीत आल्या. दोघी भूमच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या, आता दोघी मास्तरणी. आत्या शेंगा फोडत होत्या. हर्षाली म्हणाली, "आत्या, आमाला एक दगड सापडलाय."

"मग तिकडं बांधावर टाक की. घरात कशाला आणलास?"

"आणला न्हाय हो. वर हाय. आभाळात."

मग तिनं समजावलं. कॉलेजात असताना कसलीशी स्पर्धा होती. लांबच्या मोठ्या दुर्बिणीनं आभाळाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो काढलेले, ते कॉम्प्युटरवर एकामागून एक बघायचे. चांदण्या जागच्या जागी राहतात. त्यात एखादा ठिपका सरकला तर तो दगड.

"म्हंजे बघा," हर्षाली म्हणाली, "सगळं गाव पारावर बसलंय आन् एकच माणूस हळूच उठून निघालाय. तसं."

"तसला आमचा आण्णासाहेब. वर्गणीची वही आली की," आत्या म्हणाल्या.

त्या दोघींना असा एक ठिपका दिसला होता. मंगळ आणि गुरू यांच्या मधे दगडांचा मोठा पट्टा आहे, त्याच्या बाहेरच्या अंगाला. रुंदी असेल तीन किलोमीटर. रंगानं कोळशासारखा. सूर्याला एक चक्कर मारायला त्याला साडेपाच वर्षं लागतात. नऊ वर्षं जगभरची माणसं त्याची वाट तपासत होती, हा खरंच आहे का, परत दिसतो का. आता त्याला पक्का नंबर पडला होता आणि पत्र आलं होतं: ज्यांनी शोधला त्यांनी आठ दिवसांत नाव सुचवावं.

आत्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"नऊ वर्षं? नऊ वर्षांचं पोर बिननावाचं फिरतंय?"

"पोर न्हाय आत्या, लघुग्रह."

"आन् एकदा नाव दिलं, की मागनं बदलतंय का कुणी?"

निखत म्हणाली, "नाही आत्या. जगभरच्या पुस्तकांत तेच नाव. कायमचं."

"मास्तरानं दाखल्यावर दुसरं लिवलं तर?"

"त्याला शाळाच नाही."

आत्या उठल्या, पदरातली टरफलं झटकली आणि भावाला म्हणाल्या, "आण्णासाहेब, पाळणा काढ माळ्यावरनं. बारसं करायचंय. नाव म्या ठेवणार."

आण्णासाहेब घाबरला. पोरीला बघायला पुढच्याच आठवड्यात वाशीकडचे पाहुणे यायचे होते. "आक्का, हळू बोल गं! पोरीचं लग्न न्हाय आजून, आन् तू गल्लीत वरडतीस नऊ वर्षांचं पोर हाय म्हणून!"

पण एव्हाना भिंतीवर कोपरं टेकली होती.

"धुरपा," फरिदाबी पलीकडून म्हणाली, "दगड दोघीनं देखा ना? मग निखतची फुप्पी कोण हाय? मी काय मेली का?"

पुढचे तीन दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. या दगडाची आत्या कोण? आण्णासाहेब नियमाचा माणूस. तो म्हणाला, पोराचं नाव पोराची आत्या ठेवते, पोराच्या आईची आत्या नाही. यावर धुरपदाबाई म्हणाल्या, आत्या म्हणजे बापाची बहीण, आणि याला बापच नाही तर बहीण कुठून आणू? मग कुणी म्हणालं बाप म्हणजे सूर्य. मग सूर्याची बहीण कोण, यावर गिरणीत दळण थांबलं. फरिदाबीचं म्हणणं सोपं होतं: आया दोन आहेत, आत्याही दोन आहेत, आणि ज्या आत्याचं नाव टिकतं तिनं ठेवावं. हे धुरपदाबाईंना लागलं. इतकं लागलं, की त्या दिवशी त्यांनी भिंतीवर कोपर ठेवलंच नाही. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भांडल्या.

"माझं एक तरी नाव जगात राहू दे गं," असं त्या बोलून गेल्या, आणि बोलल्यावर खोकल्याचं निमित्त करून आत गेल्या.

मधेच एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता दोन बॅनरवाले घेऊन आला. दगडाला आमच्या साहेबांचं नाव द्या, चौकात कमान लावतो म्हणाला. निखतनं त्याला नियम वाचून दाखवले. नाव सोळा अक्षरांच्या आत पाहिजे. पाळीव जनावराचं चालत नाही. हे ऐकून फरिदाबीनं शबनमकडं हळहळत पाहिलं. जाहिरात चालत नाही. आणि राजकारणातल्या माणसाचं नाव द्यायचं तर त्याला मरून शंभर वर्षं झालेली असली पाहिजेत.

कार्यकर्त्यानं डोक्यावरची टोपी सरळ केली. "म्हंजे साहेबांना..."

"आधी जावं लागंल," धुरपदाबाई म्हणाल्या. "मग शंभर वर्षं दम धरा."

तो बॅनरवाल्यांसकट असा गेला, की चहालाही थांबला नाही.

शुक्रवारी दुपारी बारसं झालं. आण्णासाहेबाच्या मधल्या खोलीत पाळणा टांगला. एरवीसुद्धा बारशात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, त्याला कुंची घालतात, हळदकुंकू लावतात. म्हणजे नेहमी बाळाच्या जागी दगड असतो, आज दगडाच्या जागी दगड होता. इतकी सोय कुठल्याच बारशाला झाली नव्हती. बाळ रडत नव्हतं, ओलं करत नव्हतं. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं वाकून पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "अगदी बापावर गेलंय."

घुगऱ्यांचं पातेलं तयार. खोलीत वीसेक बायका. फरिदाबी हिरव्या बांगड्या भरून, अत्तर लावून आली आणि पाळण्याच्या एका अंगाला उभी राहिली. दुसऱ्या अंगाला धुरपदाबाई. कुणीतरी म्हणालं, चला, नाव सांगा. दोघी एकदमच वाकल्या. टक्कन, नारळाला नारळ आपटावा तसा आवाज झाला.

दोघी कपाळ चोळत एकमेकींकडं बघत राहिल्या. मग फरिदाबी मागं सरली.

"जा, तूच ठेव," ती म्हणाली. "माझी लई हायत टिकलेली. तुझं एक बी न्हाय. एवढ्या लांबच्याला तरी टिकू दे. तिथं आण्णासाहेबाचा हात पोचायचा न्हाय."

सगळ्या हसल्या. आण्णासाहेब दाराआडून हसला, मग त्याला अर्थ लागला. धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि वरवंट्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हणजे जिथं कान असता तिथं. "कुर्रर्र," त्या म्हणाल्या. मागच्या बायकांनी बुक्क्या सुरू केल्या.

आणि आत्या गप्प.

बुक्क्या चालू. नाव निघेपर्यंत थांबायचं नसतं. एक मिनिट झालं, दोन झाली. आत्या वाकलेल्या त्या वाकलेल्याच. बायकांचे हात दुखले, त्यांनी हात बदलले. हर्षालीला वाटलं आत्यांना चक्कर आली. ती खाली वाकली तर आत्यांचे डोळे टक्क उघडे, आणि तोंडात नाव नाही.

"काय झालं आत्या?"

"कायमचं हाय म्हणालीस ना?" आत्या कुजबुजल्या.

"व्हय."

"मग थांब. उद्या सांगते."

असं गावात कधी घडलं नव्हतं. नाव न सांगता आत्या उठली आणि बायका नाव न ऐकता घुगऱ्या खाऊन गेल्या.

खरी गोष्ट अशी होती, की आजवर धुरपदाबाईंनी अकरा नावं बिनधास्त ठेवली, कारण आतून त्यांना ठाऊक असायचं, न पटलं तर लोक बदलतीलच. चूक झाली तर तिला वाट होती. इथं वाटच नव्हती. आपण म्हणू ते नाव सूर्याभोवती फिरत राहणार, आपण गेल्यावर, आण्णासाहेब गेल्यावर, गिरणी गेल्यावरसुद्धा. शनिवारी पहाटे उठून त्या शेताच्या बांधावर गेल्या आणि एकेक नाव मोठ्यानं हाक मारून पाहायला लागल्या. राजनंदिनी ओरडल्या, मग त्यांनाच वाटलं, कोळशासारखा धोंडा आणि राजनंदिनी, वरचे ग्रह हसतील. सूर्यकांत म्हणाल्या, मग म्हणाल्या, ज्याच्याभोवती फिरायचं त्याच्याच घरचं असल्यागत कसं सांगायचं? पलीकडं ज्वारीची धाटं बांधणारा गडी धावत आला. कोण हरवलंय आत्या, म्हणून त्यानंही दोन हाका मारल्या. कुणी दगडू ठेवा म्हणालं, त्याच्यावर त्या खेकसल्या, "तुला कुणी माणूस म्हणून हाक मारतंय का रं?"

आठ दिवसांतला शेवटचा दिवस सोमवार. रविवारी दुपारी आत्यांनी हार मानली आणि भिंतीवर कोपर ठेवलं, पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"फरिदाबी, एक विचारू? हसशील तर बघ."

"हसणार. इचार."

"तुझी नावं टिकत्यात कशी गं?"

फरिदाबी हसली नाही. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगे, नाव काय ठेवून टिकतंय? तू नाव सांगती, घुगऱ्या खाती, घरला जाती. मी सालभर पिच्छा सोडत न्हाय. तौसिफच्या अम्मीला इचार. रोज फजरला दारात जाऊन हाक मारायची, 'तौसिफ उठा क्या? तौसिफ दूध पिया क्या?' ती पोराला मुन्ना म्हणायला तोंड उघडायची, तोवर मी दहा बार तौसिफ म्हटलेली असायची. सहा म्हैन्यांत वैतागून तिनंच मुन्ना सोडलं. निखतसाठी तर भूमला जाऊन राहिली मी, दीड म्हैना. भावजय अजून बोलत न्हाय धड."

धुरपदाबाई थक्क झाल्या. चाळीस वर्षं त्या हिला नशीबवान समजत होत्या, आणि बाई राबत होती.

"मग ह्याला कुठं जाऊन हाक मारू मी रोज?" त्या म्हणाल्या. "ती बाहेरच्या पट्ट्यातली वस्ती. तिकडं एसटी बी जात न्हाय."

"मग असं नाव ठेव, जे तुझ्या तोंडात आपसूक रोज येतंय," फरिदाबी म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. शबनम पातेल्यात तोंड घालत होती.

सोमवारी सकाळी आत्या उठल्या, चूल पेटवली, साखरेचा डबा पाहिला तर रिकामा. वाटी घेऊन नेहमीसारख्या भिंतीशी आल्या आणि नेहमीसारखी हाक दिली, "फरिदाबी! ए फरिदाबी!"

आणि वाटी हातात, तोंड उघडं, अशा तिथंच थांबल्या.

फरिदाबी बाहेर आली तेव्हा भिंतीवर नुसती वाटी होती. आत्या हातपंप ओलांडून, कुत्र्यांना हाड हाड करत भावाच्या घरी पोचल्या होत्या. हर्षाली केस विंचरत होती. आत्यांनी तिचा कान धरला, खरोखरीच धरला, आणि त्यात कुर्रर्र केलं. पाठीत बुक्क्या मारायला कुणी नव्हतं, म्हणून आण्णासाहेबाला हाक मारून एक मारायला लावली. त्यानं इतक्या वर्षांचं उट्टं काढून जरा जोरातच मारली.

हर्षालीनं नाव ऐकलं, घड्याळ पाहिलं आणि निखतला फोन लावला. निखत पलीकडून आधी किंचाळली, मग हसत सुटली.

"फुप्पीला सांगू नका," ती म्हणाली. "मान्य झालं तर सांगू."

पाच महिने आत्यांनी हे पोटात ठेवलं. त्यांच्या आयुष्यात एवढा वेळ त्यांनी काहीच पोटात ठेवलं नव्हतं. डॉक्टरनं सांगितलेली गोळीसुद्धा नाही. फरिदाबी रोज विचारायची, काय नाव दिलंस गं, आणि आत्या म्हणायच्या, कळंल कळंल. दिवाळीच्या फराळाला हर्षाली आणि निखत दोघी आल्या, सोबत छापलेला कागद. समितीनं नाव मान्य केलं होतं. निखतनं भिंतीशी उभं राहून आधी नंबर वाचला, मग नाव वाचलं. फरिदाबी.

भिंतीपलीकडून ती हातातल्या सुपासकट पुढं आली.

"कोण फरिदाबी?" फरिदाबी म्हणाली.

"तूच की," आत्या म्हणाल्या.

"या अल्ला! जितेपणी मला धोंडा केली गं हिनं! कोळशागत काळा म्हणाली होतीस ना त्याला?"

"व्हय."

"आन् तीन किलोमीटर रुंद?"

"अंदाजे हाय गं ते," आत्या घाईनं म्हणाल्या. "कमी बी निघंल."

जैनोद्दीन बाहेर आला. त्याला सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "साडेपाच वर्षांत एक चक्कर? मग ही न्हाय. ही दिसातनं गावाला चार मारती." त्याच्या दिशेनं सूप गेलं.

नावाखाली एक ओळ छापायची असते, कोण हे माणूस म्हणून. ती हर्षालीनं लिहिली होती. तिनं मराठीत करून सांगितली: फरिदाबी या धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावच्या, यांनी ठेवलेली नावं टिकतात.

फरिदाबीनं ती ओळ तीनदा म्हणवून घेतली. मग पदरानं नाक पुसलं आणि आत्यांवर डाफरली, "आन् तुझं नाव कुठं हाय ह्यात? तू ठेवलंस ते लिवलं का न्हाय?"

"तशी जागा नसती त्यात," निखत म्हणाली.

"मला लिवायला नको," आत्या म्हणाल्या. "मला ठाऊक हाय. आण्णासाहेबाला ठाऊक हाय, त्यानंच बुक्की मारली."

बारा नावांतलं हे एक टिकलं. आत्या तसं कुणाला बोलून दाखवत नाहीत. फक्त त्या दिवसापासून भावाच्या घरी परत बशीतून चहा घ्यायला लागल्या आहेत, तोही जोरात फुर्र करून. आण्णासाहेबानं एकदा गंमतीनं त्या दगडाला काळ्या म्हटलं, तर त्याच्या समोरून बशी उचलून आत्या तडक उठल्या. आता तो नीट फरिदाबी म्हणतो.

गल्लीला मात्र रोज सकाळी एक नवा त्रास झाला आहे. वाटी घेऊन आत्या भिंतीशी येतात आणि हाक मारतात, "फरिदाबी!"

पलीकडून आरामात उत्तर येतं, "कंची? हितली का वरची?"

"साखर हाय ती!" आत्या ओरडतात. "वरचीकडं काय बी न्हाय, नुसता धोंडा हाय!"

मग भिंतीवरून वाटी जाते, भरून परत येते, आणि दोघींची कोपरं आपापल्या खळग्यात बसली की दुपारचे बारा वाजेपर्यंत हलत नाहीत.